झालेला रेडिओ, राहिलेली शाळा

नागपूरहून परत आल्यापासून जो भेटतो तो संत्र्यांबद्दल विचारतो. संत्री आणली, वाटली, संपली. पण मी आणि मालूताई सावंत तिकडे संत्री खायला गेलोच नव्हतो. आम्ही गेलो होतो शाळा बघायला, आणि ते सांगू लागले की ऐकणाऱ्याला नेमकं घरी काहीतरी काम आठवतं. म्हणून एकदा लिहूनच काढते. ज्याला शाळेचा कंटाळा असेल त्याने नुसतं खाण्यापिण्याचं तेवढं वाचावं, माझी काही हरकत नाही.

आमच्या जिल्ह्याच्या शिक्षण समितीपुढे एक पेच होता. खाडीपलीकडच्या वाड्यांमध्ये एकशिक्षकी शाळा आहेत. एक खोली, चार इयत्ता आणि शिकवायला एकच माणूस. माझी शाळा त्यातलीच. सभापतींचं म्हणणं असं, की चार इयत्ता एका बाईकडून कशा आवरणार? त्यापेक्षा या शाळा बंद करा आणि मुलं अलीकडच्या मोठ्या शाळेत घाला. मोठ्या शाळेत यायचं म्हणजे होडीतून यायचं. पावसाळ्यात होडी कधी सुटेल आणि कधी नाही हे होडीवाल्यालाही सांगता येत नाही. मुलगे कसेबसे येतील, पण मुलींना कोणी पाठवणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि माझ्या शाळेत अर्ध्याहून जास्त मुलीच आहेत.

समितीतल्या कोणीतरी सांगितलं, की नागपूरकडे शाळा चालवायच्या दोन नव्या तऱ्हा सुरू आहेत. एकीकडे रेडिओवरून पाठ देतात, दुसरीकडे मुलं कार्डं घेऊन आपापली शिकतात. दोघी जाऊन बघा, तुलना करा आणि कोणती आपल्याकडे चालेल ते सांगा. एकट्या शिक्षकाला पेलणारी एखादी तऱ्हा निघाली तर वाड्यांच्या शाळा राहतील, नाहीतर उन्हाळ्यानंतर कुलूप.

दोघींतली एक मी. दुसऱ्या मालूताई, त्याच मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वयाने आणि आवाजाने माझ्यापेक्षा मोठ्या. रेडिओच उत्तम, हे त्यांनी घरून निघायच्या आधीच ठरवलेलं होतं. ट्रान्झिस्टर कुठल्या फळीवर ठेवायचा तेही शिपायाला दाखवून आल्या होत्या. "तुझी मुलं माझ्याकडे आली तर मी काय त्यांना खाणार आहे?" असं त्या मला कोल्हापूरपासून विचारत होत्या. त्या खाणार नव्हत्या हे खरंच. पण मुली त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हत्या, आणि हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

स्टेशन ते प्रताप नगर

नागपूरच्या थंडीबद्दल आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. सगळे उन्हाळ्याबद्दल बोलतात. स्टेशनबाहेर आलो तर माणसं कानाला मफलर बांधून शेकोटीभोवती उभी. आमच्याकडे सुती साड्या आणि दोघींत मिळून एक शाल. मालूताईंनी ती अर्धी मला दिली, आणि मग सायकलरिक्षात बसताना आम्ही दोघी एकाच गाठोड्यात बांधल्यासारख्या चढलो.

रिक्षावाला म्हातारा होता आणि गप्पिष्ट. दोन पायडल मारून मागे वळून त्याने विचारलं, "काहून आल्या जी नागपूरले?"

मालूताई म्हणाल्या, रत्नागिरीहून.

"ते ठीक आहे बाई. पण काहून?"

"अहो, रत्नागिरीहून!"

थोड्या वेळाने त्याने माझ्याकडे बघून पुन्हा तेच विचारलं, आणि मीही रत्नागिरी जिल्हा, तालुका, खाडी असं सविस्तर सांगितलं. तिकडे 'काहून' म्हणजे 'कशासाठी', हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळलं. तोपर्यंत त्या भल्या माणसाने घरी जाऊन आमच्याबद्दल काय सांगितलं असेल कोण जाणे.

रस्ते सरळ आणि रुंद. आमच्याकडे रस्ता चढतो नाहीतर उतरतो, दोन्ही करत नसेल तर तो रस्ता संपलेला असतो. इथे रिक्षा सपाट जमिनीवरून अर्धा तास चालली आणि वळणावर समोर एकदम समुद्र दिसेल असं मला उगाच वाटत राहिलं. प्रताप नगर नव्याने वसत होतं. तिकडे त्याला ले-आउट म्हणतात. एक घर, मग दोन रिकामे प्लॉट, त्यात कोणीतरी लावलेली तूर, मग पुन्हा एक घर. त्यातलं निळ्या फाटकाचं घर कमलताई वानखेडेंचं.

कमलताई स्वतः शिक्षिका. पुण्याच्या एका शिबिरात मालूताईंची आणि त्यांची ओळख झाली होती. यजमान उमरेडला कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात, ते शनिवारी घरी येत. मालूताईंनी मला गाडीत सांगितलं होतं, की कमलताई अगदी शुद्ध बोलते. शिबिरात बोलत असेलही. स्वतःच्या घरात मात्र ती तिची भाषा बोलत होती, आणि तिच्या तोंडी ती इतकी गोड वाटायची की मी मुद्दाम काहीतरी विचारून तिला बोलतं ठेवायची.

हातपाय धुऊन आलो तर ती चुलीपाशी बसलेली. म्हणाली, "बसा वं बाई, मी भाकरी करून राहिली."

हे ऐकल्याबरोबर मालूताईंनी पदर खोचला. राहिल्या असतील तर मी करते, तुम्ही उठा, दिवसभर शाळेत दमून आलात, असं म्हणत त्यांनी परात स्वतःकडे ओढली. कमलताई बघतच राहिली. पाहुणीला नाही कसं म्हणायचं म्हणून तिने जागा दिली. मालूताईंचा हात तांदळाच्या भाकरीचा. ज्वारीचं पीठ काही त्यांना जुमानेना. पहिली भाकरी तव्यावर पोचेपर्यंत तिचे तीन तुकडे झाले आणि त्यांना नकाशासारखं जोडून भाजावं लागलं. आम्ही त्या सगळ्या खाल्ल्या. जवसाची चटणी आणि तेल असेल तर तुटकी भाकरीही काही वाईट लागत नाही.

वांग्याच्या भरताची तर वेगळीच गंमत. कमलताईने विचारलं, वरून सांभार टाकू का? मालूताईंच्या डोळ्यांपुढे उडप्याकडचं सांबार आलं, आणि भरतावर सांबार ओतायच्या कल्पनेने त्यांनी दोन्ही हात आडवे केले. नको नको, आम्ही कोरडंच खातो. कमलताईने हिरवीगार चिरलेली कोथिंबीर स्वतःच्या ताटात घेतली तेव्हा मला कळलं, पण तोपर्यंत माझ्याही वतीने नकार गेला होता. मी कोथिंबिरीवाचून भरीत खाल्लं आणि मालूताईंना मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले.

इतवारीजवळची शाळा

दुसऱ्या दिवशी रेडिओची शाळा. इतवारीच्या बाजाराला लागून एका गल्लीत ती होती. तिथे पोचायचं म्हणजे हातगाड्या, टेम्पो, धान्याची पोती आणि डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेतलेले हमाल यांच्यामधून वाट काढायची. भांड्यांच्या ओळीत इतका खणखणाट होता, की मालूताई मला काहीतरी सांगत होत्या आणि मी नुसती मान हलवत होते. पुढे गेल्यावर समजलं, की मी पितळेचा एक मोठा डबा पसंत करून बसले आहे. तो पुढे सगळा प्रवासभर माझ्या मांडीवर होता.

शाळा नेटकी होती. प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर एक कर्णा बसवलेला, आणि रेडिओ मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत कपाटात. वेळ झाली की सगळी शाळा हाताची घडी घालून वर बघायची. आम्ही तिसरीच्या वर्गात मागे बसलो. संगीत वाजलं, मग एका बाईंचा सुरेख आवाज आला. पाऊस कसा पडतो हे त्यांनी सांगितलं. समुद्राचं पाणी, त्याची वाफ, ढग, सगळं कसं ओळीने. मध्येच आवाज म्हणाला, "मुलांनो, समजलं ना?" मग जरा शांतता, आणि वर्ग एका सुरात ओरडला, "हो!" कर्णा म्हणाला, "शाबास!"

मालूताईंच्या अंगावर काटा आला. बघ, शाबासकीसुद्धा देतो, त्या माझ्या कानात म्हणाल्या. मलाही ते आवडलं, खोटं का सांगू? शेवटी एक गाणं झालं, आणि अख्खी शाळा, खालची गल्ली, समोरचा भांडेवाला, सगळे ते गुणगुणत होते. फक्त एक गोष्ट मनात येऊन गेली. वर्गात कोणीच नसतं तरी त्या कर्ण्याने शाबास म्हटलंच असतं.

पाठ संपल्यावर मालूताईंनी मुलांना एकेक करून विचारलं, पाठ झाला का? झाला. तुझा? झाला. पाहुण्यांशी पुस्तकी बोलायचं असं मुलांना शिकवलेलं असावं, कारण सगळ्यांनी अगदी स्वच्छ उत्तरं दिली. बाहेर पडताना मालूताईंचा चेहरा फुलला होता. सगळ्यांचं झालंय, त्या म्हणाल्या, एकाचंही राहिलेलं नाही. एक रेडिओ आणि अख्खी शाळा पुढे सरकली. मी म्हटलं, माझ्या वाडीत वीज नाही. त्या म्हणाल्या, सेलवर चालतो. मी म्हटलं, चारी इयत्ता एकाच खोलीत आहेत, तिसरीचा पाठ लागला की बाकीच्यांनी काय करायचं? त्या म्हणाल्या, म्हणूनच म्हणते, माझ्याकडे पाठव. पुढे आम्ही बोललोच नाही. तर्री घातलेले पोहे समोर आले तेव्हा कुठे आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, तेही पाणी मागण्यापुरतं.

उमरेडच्या रस्त्याला

तिसऱ्या दिवशी एसटीने उमरेड. शहर सुटलं की काळी जमीन लागते, इतकी काळी की आमच्या लाल मातीत वाढलेल्या डोळ्यांना ती ओली वाटते. तुरीची पिवळी फुलं, मध्येच सागाचे उभे सरळ झाडोरे. आणि रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या लाल मिरच्यांचे पट्टेच्या पट्टे. त्यावरून वारा आला की सगळी बस एका वेळी शिंकायची. उमरेड जवळ आलं तशी दूर कोळशाच्या खाणीची मातीची टेकाडं दिसू लागली. बरं वाटलं, काहीतरी उंच दिसलं म्हणून.

शाळा गावाबाहेर विणकरांच्या वस्तीत. गल्लीतून जाताना घराघरातून मागाचा खटखट आवाज. दारात बसून बायका, पोरं, म्हातारी माणसं चरख्यावर कांड्या भरत होती. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची छोटी नळी. मेश्राम गुरुजी वाटेतच आम्हांला घ्यायला आले. पन्नाशीचे, उंच, पांढरी टोपी. त्यांची एकच खोली होती आणि चार इयत्ता होत्या. माझ्याच शाळेत आल्यासारखं मला वाटलं.

पण आत गेले आणि दारातच थांबले. एकही मूल ओळीत बसलेलं नव्हतं. कोणी भिंतीशी, कोणी पेटीपाशी, दोघी पोरी एकमेकींच्या पाटीवर वाकलेल्या. खोलीत लाकडी पेट्या, त्यात जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहिलेली कार्डं. भिंतीवर आडव्या दोऱ्या, आणि त्यांवर ओवलेल्या रिकाम्या कांड्या, प्रत्येकीवर एका मुलाचं नाव. गुरुजींनी समजावलं. मूल पेटीतून आपलं कार्ड घेतं, ते करतं, आणि ज्याचं ते कार्ड आधी होऊन गेलंय त्याच्याकडून तपासून घेतं. बरोबर आलं की आपली कांडी दोरीवर पुढे सरकवायची आणि पुढचं कार्ड घ्यायचं. काही कार्डांनंतर एक लाल कार्ड येतं, ते स्वतः गुरुजी तपासतात. म्हणजे एकच माणूस साऱ्या खोलीवर नजर ठेवून असतो आणि अडलेल्याजवळ जाऊन बसतो.

मला वाटलं, हेच. हेच घेऊन जायचं. 

मग मालूताई विचारायला लागल्या. एका मुलाला म्हणाल्या, "सातवं कार्ड झालं का रे?"

"करून राहिलो जी."

"आणि तुझं?"

"मी नऊ नंबरचं करून राहिली."

कोपऱ्यातल्या दोघांना विचारलं, ते म्हणाले, आम्ही वाचून राहिलो. असं सगळ्या खोलीत फिरून झालं. एकही मूल 'झालं' म्हणेना. सगळ्यांचं राहिलेलं. मालूताईंनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. शेवटी त्यांनी गुरुजींनाच विचारलं, म्हणजे सगळ्यांचंच राहिलंय का?

गुरुजी आनंदाने म्हणाले, "हो जी, सगळे पोट्टे करून राहिले. कोणी बसून नाही राहिलं."

हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं, की मालूताईंना संतापच आला. बसमध्ये त्या म्हणाल्या, शाळाभर अभ्यास राहिलाय आणि हा माणूस ते हसत हसत सांगतो. त्या खोलीत सगळं इतकं जिवंत दिसत होतं, आणि तरी कोणाचंच काही झालेलं नव्हतं. मी खिडकीतून मिरच्या बघत बसले. परत गेल्यावर वाडीतल्या आयांना काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवू लागले होते, आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं. फार वाईट वाटत होतं.

कमलताईच्या ओसरीवर

संध्याकाळी कमलताई ओसरीवर मेथी घेऊन बसली होती. कशी वाटली शाळा, तिने विचारलं. मालूताईंनी गुरुजींच्या मायाळूपणाचं आधी कौतुक केलं, त्या न्यायी आहेत. मग म्हणाल्या, पण काय उपयोग, सगळ्यांचं राहिलंय.

"काय राहिलं?"

"सगळंच. ज्याला विचारावं तो म्हणतो राहिलो, जिला विचारावं ती म्हणते राहिली. एकाचंही झालेलं नाही."

कमलताईच्या हातातली मेथी तशीच राहिली. आधी तिला कळेना. मग तिचे डोळे बारीक झाले. तिने विचारलं, "अवं बाई, मी आता काय करून राहिली?"

"मेथी निवडताय."

"हो ना. मी मेथी निवडून राहिली. राहिली म्हणजे उरली नाही वं! निवडणं चालू आहे."

मग मालूताई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, म्हणजे त्या दिवशी भाकरी राहिल्या नव्हत्या?

"मी करूनच राहिली होती. तुम्हीच परात ओढून घेतली."

कमलताई हसायला लागली ती थांबेचना. मेथीची जुडी उशीसारखी तोंडावर धरून हसली. शेजारची बाई काय झालं म्हणून कुंपणाशी आली, तिला सांगितलं, तीही हसायला लागली. मी हसत होते आणि माझे डोळे भरून आले होते, कारण त्या खोलीतली सगळी पोरं एकदम माझ्यापुढे उभी राहिली. मी सातवं करते आहे. मी नववं करते आहे. आम्ही वाचतो आहोत. कोणीही रिकामं बसलेलं नाही. हेच तर गुरुजी सांगत होते.

मालूताई मात्र हसल्या नाहीत. बराच वेळ त्या मेथीची काडी मोडत बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या परत जायचं. दोन्हीकडे. मी चुकीचं विचारलंय." त्या क्षणी मला त्या इतक्या आवडल्या, की मी सांगू शकत नाही. रेडिओची फळी ठरवून आलेली बाई स्वतःहून परत निघाली होती.

पुन्हा एकदा

इतवारीच्या शाळेत आम्ही पोचलो तेव्हा पाठ नुकताच संपला होता. मालूताईंनी परवाच्याच वर्गातल्या एका चुणचुणीत मुलीला जवळ घेतलं आणि विचारलं, झालं का?

"झालं."

"काय झालं?"

मुलीला प्रश्न विचित्र वाटला असावा. ती म्हणाली, "रेडिओ झाला."

आज कशाबद्दल होतं, असं विचारल्यावर तिने खूप विचार केला. आज बाई बोलत होत्या, काल काका बोलले होते, एवढं तिला नक्की आठवत होतं. मुख्याध्यापिकाबाई मोकळ्या मनाच्या. त्या म्हणाल्या, गाणी, गोष्टी, चांगली भाषा कानावर पडणं याला रेडिओसारखं दुसरं काही नाही, पण गणितात एखादं मूल मागे पडलं तर रेडिओ त्याच्यासाठी थांबत नाही, ते काम आम्हांलाच करावं लागतं. मालूताईंनी हे मान खाली घालून ऐकलं.

तिथून तडक उमरेडची बस. गुरुजी आम्हांला परत बघून चकित झाले. या वेळी मालूताईंनी प्रश्न बदलला. ह्याच्या आधीचं कोणतं झालंय ते दाखव. कालच्या मुलाने सहावं कार्ड काढलं, पाटीवर धडाधड वजाबाकी करून दाखवली, आणि मालूताईंनी मुद्दाम हातचा विसरून दाखवला तर त्याने त्यांची चूक काढली. ज्या मुलीचं नववं चालू होतं ती आता दहाव्यावर गेली होती.

आम्ही तिथे असतानाच दारात एक मुलगी आली. हात मिरचीने लाल झालेले. आईबरोबर मिरच्या तोडायला गेली होती, म्हणाली, बरेच आठवडे. ती गुपचूप आत आली, दोरीवर आपली कांडी शोधली. ती होती तिथेच होती, बाकीच्यांच्या खूप मागे. तिने त्या जागेचं कार्ड काढलं आणि भिंतीशी बसली. कोणी तिला कुठे होतीस म्हणून विचारलं नाही, कोणी पहिल्यापासून सुरू कर म्हटलं नाही. थोड्या वेळाने दुसरी एक मुलगी सरकत सरकत तिच्याजवळ जाऊन बसली.

मी गुरुजींना विचारलं, अशी किती मुलं जातात? ते म्हणाले, "माह्या शाळेत हंगाम आला का पोट्टे कामाले जातात, त्याले इलाज नाही. पण परत आलं त त्याले त्याची जागा भेटली पाहिजे."

माझ्या वाडीत भातलावणीला मुली अशाच जातात. परत येतात तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो, आणि त्या दोन दिवस दारात उभ्या राहून बघतात आणि मग यायच्या बंद होतात. मी इतकी वर्षं ते बघते आहे. मालूताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गुरुजींना विचारलं, कार्डं कापायला कात्री वापरता की पातं? कार्डंच न्यायची, हे त्यांचं ठरलं होतं.

त्या दुपारी शेजारच्या विणकराने आम्हांला जेवायला ठेवून घेतलं. सावजी मटण. मालूताईंनी आधीच सांगून ठेवलं, आम्ही मालवणी मसाल्यावर वाढलेली माणसं, आम्हांला तिखटाचं काय सांगता? पहिला घास गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांचं कपाळ घामाने डबडबलं, आणि मग उचकी लागली ती थांबेना. घरातल्या म्हातारीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवत संत्र्याची एकेक फोड त्यांच्या तोंडात घातली, लहान मुलीला भरवावं तशी. मालूताई रडत होत्या, हसत होत्या आणि आणखी रस्सा मागत होत्या. आमच्याकडच्या आमसुलांची पुडी मी त्या घरात देऊन आले. त्याचं त्यांनी काय केलं असेल ते मला अजून पत्राने कळायचं आहे.

वाडी

परत आल्यावर आम्ही दोघींनी मिळून अहवाल दिला. शाळा कार्डांवर चालवावी आणि गाण्यागोष्टींना रेडिओ ठेवावा, असं त्यात होतं. समितीत मालूताईच बोलल्या. माझी शाळा मोठी आहे आणि मोठीच राहू दे, पण वाडीतली मुलं वाडीतच शिकू देत, असं म्हणून त्या खाली बसल्या. सभापतींना पटलं नाही. मुलांनी मुलांचं तपासायचं म्हणजे लबाडीला आमंत्रण, ते म्हणाले. मी स्वतः येऊन बघेन, मग ठरवीन.

मी महिनाभर कार्डं लिहिली. कांड्या आमच्याकडे कुठल्या, म्हणून मुलांनी खाडीतले शिंपले आणून भोकं पाडून त्यांवर नावं घातली. आणि एका सकाळी सभापती, त्यांचे कारकून आणि होडीवाला असे तिघे घाटी चढून आले. होडीवाल्याने आधीच सांगून टाकलं, ओहोटी लागायच्या आत निघायला हवं, नाहीतर होडी चिखलात बसेल.

सभापती चौथी शिकलेले, हे ते स्वतःच सगळीकडे सांगतात. खोलीभर फिरून त्यांनी पेटीतलं एक अपूर्णांकांचं कार्ड उचललं आणि जवळ बसलेल्या चौथीतल्या पार्वतीला विचारलं, हे कोण तपासतं?

"ज्याचं झालंय तो. माझं झालंय."

मग माझं तपासशील? असं हसत विचारून ते चटईवर बसले, पाटी घेतली आणि गणित मांडलं. पार्वतीने ते नीट बघितलं. ही आता भिडेखातर बरोबर म्हणते की काय, असं मला वाटलं. तिने पाटी त्यांच्यापुढे परत सरकवली आणि म्हणाली, चुकलं, छेद सारखा करून घ्या. सभापतींनी पाटी पुसली. पुन्हा मांडलं. पुन्हा चुकलं. टोपी काढून त्यांनी बाजूला ठेवली. पार्वती त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली आणि छेद म्हणजे काय ते बोटांवर दाखवायला लागली. त्यांनी मध्ये एकदाही मान वर केली नाही.

खालून होडीवाल्याची हाक आली. कारकून दारात जाऊन आला आणि म्हणाला, साहेब, पाणी उतरायला लागलंय, निघायला हवं.

सभापती पाटीवरून नजर न काढता म्हणाले, "ही शाळा हलवायची नाही, लिहून घ्या. आणि होडी जाऊ दे. माझं गणित व्हायचंय."